पेन्सिलीचे गुण

फळीला खळगा होता. भिंग डोळ्याशी धरून ती त्या लहानग्या इंजिनाच्या कॅबमध्ये डोकावत होती, आणि ड्रायव्हर उभा राहतो त्या जागी, उजव्या अंगाला, लाकडी फळी झिजलेली दिसत होती. एक नाही, दोन खळगे, मसुराच्या दाण्याएवढे. त्यातला डावा उजव्यापेक्षा खोल. तिचा श्वास भिंगावर आला आणि सगळं धुरकटलं. रुमालानं काच पुसून तिनं पुन्हा पाहिलं. खळगे होते तिथंच होते. इंजिनाचा आकडा तिनं आल्याआल्या वाचला होता, चारशे सतरा, आणि मनात म्हणालीही होती, अरे, आप्पांचं इंजिन. तेवढंच. चारशे सतरा कुणीही करावं, खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याचं करावं नाहीतर काड्यापेटीएवढं करावं, नकाशे काय, ग्रंथालयात मागेल त्याला मिळतात. पण खळगे नकाशात नसतात. खळगे पायांनी पडतात, आणि हे पाय ज्यानं पाहिले होते असा माणूस जगात एकच असू शकत होता.

ती मापांची माणूस होती. तीस वर्षं तिनं मोजमापाच्या हत्यारांच्या कारखान्यात, सदा थंड ठेवलेल्या एका खोलीत, दुसऱ्यांनी केलेली मापं तपासली होती. केसाचा विसावा भाग इकडचा तिकडं झाला की तिच्या बोटांना आधी कळायचं, यंत्राला मागनं. निवृत्त झाल्यावर इंजिनं करणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबनं तिला परीक्षक केलं. साठ गुण तपशिलाचे, चाळीस चालीचे. आधी इंजिन थंड असताना भिंग आणि मोजपट्टी घेऊन पाहायचं, मग कोळसा-पाणी घालून हॉलमागच्या अंगणातल्या रुळांवर पळवून पाहायचं. करणाऱ्याचं नाव परीक्षकाला सांगत नाहीत, नुसता क्रमांक. आणि गुण आधी पेन्सिलीनं लिहायचे. मग करणाऱ्याला बोलावून जे काही खटकलं ते त्याला विचारायचं, त्याचं ऐकायचं, आणि त्यानंतरच शाईनं लिहायचे. शाईचे गुण फिरत नसत. नव्वद गुण गाठलेलं इंजिन हॉलच्या दर्शनी कपाटात कायमचं जायचं. गेल्या सहा वर्षांत एकही गेलं नव्हतं. तिला लोक मागून ‘वजाबाकी’ म्हणतात हे तिला ठाऊक होतं आणि ते तिला फारसं वाईट वाटत नसे.

कुठल्या पायावर भार देऊन उभे राहायचे आप्पा? तिनं आठवून पाहिलं. आठवेना. डोळे मिटले, तरी आठवेना. घरातला बाप बसलेला होता, नाहीतर निजलेला. खुर्चीत बसून, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून, वर्तमानपत्र तोंडासमोर धरलेला बाप; ताटावर बसलेला बाप; भिंतीकडं तोंड करून झोपलेला, ज्याच्या पाठीला कोळशाचा वास येई असा बाप. शेवटचा तर आडवाच. उभा राहून काढलेलं सगळं आयुष्य त्यांनी त्या दोन हातांच्या फळीवर काढलं होतं, आणि तिथं त्यांच्याजवळ उभा होता बारक्या.

बारक्या त्यांचा फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारा. तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. पण घरात तो रोज जेवायला असायचा. आप्पा एरवी मुक्याचे भाऊ, पण बारक्याचं नाव निघालं की जिभेला पाय फुटायचे. बारक्याला आज ताप होता, तरी आला. बारक्याचं फावडं असं पडतं की कोळसा बशीत साखर पसरावी तसा पसरतो. बारक्याला आई नाही. एका हिवाळ्यात तिचा लोकरी मफलर दिसेना म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आप्पा म्हणाले होते, “बारक्याला दिला. त्याच्या बाजूनं वारा फार लागतो.” आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “मग त्यालाच आणा की घरी. दत्तक घ्या.” आणि आप्पांनी घास चावता चावता, अगदी सहज, म्हटलं होतं, “तो आहेच की.” पन्नास वर्षं झाली. आई गेली, आप्पा गेले, ते घर पाडून तिथं गोदाम उभं राहिलं, पण ‘तो आहेच की’ हे तीन शब्द तिच्या आत काडीसारखे पेटते राहिले होते. बहिणीचा हेवा करावा, भावाचा करावा, माणूस समजू शकतं. सवतीचाही लोक समजून घेतात. पण बापाच्या फायरमनचा? हे कुणाला सांगावं? सांगितलं तर लोक हसतील. म्हणून तिनं ते सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं दुखणं पाळलेल्या मांजरासारखं घरभर फिरत राहतं, पायात येतं, अंथरुणात शिरतं.

तिच्या वाटणीला आली होती ती शिट्टी. घर रुळांच्या वळणावर होतं. आप्पांची गाडी सकाळी आठ दहाला जाताना तिथनं जायची आणि येताना नदीपलीकडच्या लाइनीनं यायची, म्हणजे दिवसातनं एकदाच. वळणावर एक लांब शिट्टी द्यायची हा नियम. ती सगळेच द्यायचे. पण चारशे सतरा लांब शिट्टीनंतर दोन आखूड द्यायचं. लांब नियमाची, दोन आखूड तिच्या. ती खिडकीत उभी असायची, एका वेणीची रिबीन बांधलेली, दुसरी सुटलेली, आणि वाफेच्या ढगातनं एक काळी बाही बाहेर यायची, कोपर अंगाशी धरून तळवा असा हलायचा, जणू कुणी न दिसणारी काच पुसतंय. बस्. मग डबे, डबे, डबे. आई तिला ओढून खाली बसवायची आणि दुसरी वेणी घालता घालता स्वतःशीच म्हणायची:

गाडी गेली वळणानं, धूर राहिला दाराला
बाप गेला कामावर, शिट्टी ठेवली पोरीला

पोर ती शिट्टी दप्तरात घालून शाळेत न्यायची. एकदा, एकदाच, तिनं आप्पांना विचारलं होतं, “आज शिट्टी जरा लांब दिलीत ना?” आणि वर्तमानपत्रामागनं ते म्हणाले होते, “हं.” पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, गरजही वाटली नाही. त्या एका ‘हं’वर तिनं आख्खा जन्म काढला होता. बारक्याला फळी मिळाली, मफलर मिळाला, बाप मिळाला, ठीक आहे. दोन आखूड शिट्ट्या तिच्या होत्या आणि त्यांना कुणाच्या बापाचा हात लागत नव्हता.

ती तपासू लागली. डोळ्यांत तेल घालून तपासू लागली, आणि आपण चूक शोधतो आहोत, गुण नाही, हे तिला कळत होतं. क्लबच्या चिटणिसाला जाऊन सांगायला हवं होतं की या इंजिनाशी माझा संबंध आहे, दुसरा परीक्षक नेमा. ती गेली नाही. तिनं रिवेट मोजले. एकही कमी नव्हता. पाण्याच्या टाकीला डाव्या कोपऱ्यात एक पोचा होता, आणि तो खरा असणार हे तिला पाहताक्षणी कळलं. भट्टीच्या दाराची कडी वापरून गुळगुळीत झालेली. भट्टीशेजारी चहाची किटली ठेवायची लोखंडी पट्टी, तिच्यावर काजळीचा गोल. हा गोल कुणाच्या किटलीचा? आप्पा चहा प्यायचे तो कुणाच्या हातचा? प्रत्येक तपशील बरोबर होता आणि प्रत्येक बरोबर तपशील तिला बोचत होता. ही मूर्ती नव्हती, हा संसार होता. बाराव्या हिश्श्याचा, पितळेचा, तिला वगळून केलेला. तिनं पेन्सिलीनं लिहिलं: रिवेट, सहापैकी सहा. टाकी, सहापैकी सहा. गुण देताना हात जड होत होता.

आणि मग ती सापडली. शिट्टीची दांडी. नकाशात दोन दांड्या होत्या, एक ड्रायव्हरच्या बाजूला, एक फायरमनच्या, दोघांपैकी कुणालाही शिट्टी देता यावी म्हणून. इथं एकच होती, डावीकडं, फायरमनच्या बाजूला. उजवीकडं नुसतं भोक, तेही बुजवलेलं. तिनं नकाशा पुन्हा उलगडला, बोट ठेवून पाहिलं, भिंगानं पाहिलं. नव्हती. तिच्या अंगावरनं एक गोड शहारा गेला. चोराला दागिन्यांच्या पेटीत जागा पुरली नाही आणि त्यानं नेमका हाराचा लोलक बाहेर टाकला तसं तिला वाटलं. बापाची शिट्टीच विसरला! किटली आठवली, खळगे आठवले, आणि ज्या दांडीला धरून तो माणूस रोज आपल्या पोरीला हाक मारायचा ती दांडी हा विसरला. विसरणारच. ती याची नव्हतीच कधी. शिट्टी व तिची जोडणी, चारपैकी शून्य. तपशिलाचे झाले त्रेपन्न. शून्य तिनं असं गोल काढलं की शाळेतल्या बाईंनी शाबासकी दिली असती.

चालीच्या परीक्षेला इंजिन करणारा अंगणात आला तेव्हा चिटणीस कानाशी कुजबुजला, “म्हातारबा ऐंशीचे आहेत, मॅडम. सात वर्षं लावली म्हणतात एका इंजिनाला. जरा सांभाळून घ्या.” ती म्हणाली, “मी इंजिन तपासते, वय नाही.” म्हातारा खरंच बारका होता. खांदे मात्र रुंद, दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे. त्यानं तिच्याकडं पाहून मान लववली, ओळखीची नव्हे, परीक्षकाला लववतात तशी. ओळखणार कसा? तिनं त्याला पाहिलं नव्हतं तसं त्यानंही तिला जवळनं पाहिलं नव्हतं. त्यानं चमच्याएवढ्या फावड्यानं भट्टीत कोळसा टाकला आणि तिनं पाहिलं: बशीत साखर. वीस मिनिटांत वाफ धरली. इंजिनामागच्या चाकांच्या फळकुटावर तो बसला, त्याच्यामागं वजन म्हणून क्लबची चार माणसं बसली, आणि चारशे सतरा निघालं. निघालं म्हणजे कुणाला हिसका बसला नाही, चाक घसरलं नाही, झोपेत कूस बदलावी तसं निघालं. तिनं घड्याळ पाहिलं, कोळसा मोजला, पाण्याची काच पाहिली. अंगणाच्या टोकाला रूळ डावीकडं वळत होते. वळणावर म्हाताऱ्यानं डाव्या हाताचं बोट पुढं केलं आणि शिट्टी वाजली. लहान इंजिनांची शिट्टी चिमणीसारखी चिवचिवते. ही तशी नव्हती. यानं कुठंतरी खाली, चाकांमध्ये, लांब नळी दडवली होती. आवाज भरदार होता. एक लांब. आणि दोन आखूड.

त्यातच त्याचा हात वर गेला. समोर कुणी नव्हतं, अंगणाची भिंत होती आणि भिंतीवर एक वाळत घातलेलं पोतं. कोपर अंगाशी धरून तळवा असा हलला, जणू कुणी न दिसणारी काच पुसतंय.

तिची पेन्सिल मोडली. पहिला विचार आला तो हाच की, यानं तेही चोरलं. आप्पांचा हात उचलला यानं, आपल्या मनगटाला लावला, इथं चार लोकांत मिरवतोय. दुसरी पेन्सिल घेऊन तिनं चालीचे गुण लिहिले, चाळीसपैकी छत्तीस. चार खरोखरच चढावर वाफ वाया गेली त्याचे कापले, तिथं तिचं मन स्वच्छ होतं. त्रेपन्न आणि छत्तीस, एकोणनव्वद. एक गुण कमी. हा आकडा तिनं ठरवून आणला नव्हता, पण आला तेव्हा तो तिला इतका ओळखीचा वाटला की जणू सकाळपासून ती त्याच्याच वाटेकडं डोळे लावून बसली होती.

हॉलच्या कडेच्या खोलीत एक टेबल होतं, दोन खुर्च्या, आणि मधे इंजिन, अजून कोमट. ती म्हणाली, “तुमच्या इंजिनाला शिट्टीची दांडी एकच आहे. नकाशात दोन आहेत.”

“नकाशात आहेत,” तो म्हणाला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“बाई, बारा वर्षं त्या इंजिनावर काढली मी. नकाशा काढणारा किती वर्षं होता? उजवी दांडी तुटली ती तुटली. दुसरी आली होती, पण आमच्या उस्तादांनी बसवू दिली नाही. भोकसुद्धा बुजवून घेतलं. उस्ताद म्हणजे ड्रायव्हर, मी त्यांना उस्तादच म्हणायचो.”

“का बसवू दिली नाही?”

“डाव्या वळणावर ड्रायव्हरला काही दिसत नाही ना. उजवीकडं उभा तो; समोर बॉयलर आडवा येतो. एक हात वाफेच्या दांड्यावर, एक ब्रेकवर. ते म्हणायचे, ज्याला दिसतं त्यानं शिट्टी द्यावी, आंधळ्यानं कशाला आरोळी ठोकायची? म्हणून शिट्टी माझी.” तो जरा हसला. “सगळी माझी.”

बॉयलर आडवा येतो. तिला हे ठाऊक होतं. हत्यारांच्या खोलीतल्या बाईला बॉयलरची रुंदी ठाऊक होती, कॅबच्या खिडकीची जागा ठाऊक होती, वळणाची दिशा तर पाठच होती. कागदावर दोन रेषा ओढल्या असत्या तर शाळकरी पोरालाही दिसलं असतं की उजव्या खिडकीतनं ते घर दिसणं शक्य नाही. तिनं त्या दोन रेषा कधी ओढल्या नव्हत्या. जगाची मापं तपासली, ते एक तपासलं नाही. ती म्हणाली, आणि आवाज परीक्षकाचाच राहील याची तिनं काळजी घेतली, “वळणाला एक लांब शिट्टी पुरते. तुम्ही पुढं दोन आखूड दिल्यात.”

इंजिनाच्या अंगावरनं म्हाताऱ्यानं बोट फिरवलं, तेल लागलं, ते पँटला पुसलं. “त्याचे गुण कापले असतील तर कापा. ते नियमात नाही. खरं मात्र आहे. वळणावर उस्तादांचं घर होतं. खिडकीत पोर उभी असायची त्यांची, एक वेणी बांधलेली, एक सुटी. हात करायची. कुणाला करायची ते मला कळत होतं की, बापालाच. पण बाप दिसायच्या जागी मी होतो. मग मी आपलं फुकटात घ्यायचो. मला हात करणारं दुसरं कुणी नव्हतं, बाई. दोन शिट्ट्या द्यायचो, हात करायचो. उस्ताद विचारायचे, दोन कशाला रे जादा? मी म्हणायचो, गुरं असतात रुळावर.”

“गुरं,” ती म्हणाली.

“हो.” आता तो हसत नव्हता.

“आणि उस्तादांना सांगितलं नाहीत? की मुलगी उभी असते म्हणून?”

“बारा वर्षांत नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी उजवी दांडी बसवून घेतली असती. वळणावर ब्रेक मला धरायला लावला असता आणि स्वतः माझ्या खिडकीत आले असते. मी ओळखून होतो ना त्यांना. पोरीवर जीव होता त्यांचा, बोलून दाखवायचे नाहीत. मग मला काय उरलं असतं?” त्यानं तोंडावरनं हात फिरवला. “उस्ताद गेले तेव्हा वाटलं, आता तरी जाऊन त्या पोरीला सांगावं. दारापर्यंत गेलो होतो. परत आलो.”

ती इंजिनाकडं पाहत राहिली. म्हणजे आप्पांना माहीतच नव्हतं. ते ‘हं’ वर्तमानपत्राचं होतं. रोज आठ दहाला एक बाप बॉयलरच्या आड, दोन्ही हात अडकलेला, आपल्या घरावरनं आंधळ्यासारखा जात होता, आणि दोन हात अंतरावर उभा असलेला एक माणूस त्याची पोर डोळे भरून पाहत होता, आणि गुरं म्हणत होता. तिच्या आत इतकी वर्षं नुसता धुमसत राहिलेला मत्सर आता उभा राहिला. त्याला आता हात होते, तोंड होतं, कारण होतं. आणि हातात पेन होतं. त्या शून्यावरनं नुसतं पेन फिरवायचं होतं. कुणी विचारलं असतं तर नकाशा तिच्या बाजूनं होता. सात वर्षं, ऐंशीचं वय, कपाट, एक गुण. तिला वाटलं, माझ्या दोन शिट्ट्या गेल्या, याचा एक गुण जाऊ दे. हिशोब काही फार नाही.

पण एक दांडी होती ती एकच होती. डावीकडं होती. खरं होतं ते. तिनं इतकी वर्षं कुणासाठी केसभर माप इकडचं तिकडं केलं नव्हतं, आणि आता केलं असतं तर ते कुणाला कळलं नसतं, आणि हेच तिला सोसवेना. या माणसानं सगळं घेतलं होतं. हातातलं मापही याच्यापायी टाकायचं? तिनं शाईनं लिहिलं, चारपैकी चार. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘शिट्टी फक्त फायरमनच्या बाजूस. बरोबर आहे.’ बेरीज केली, त्र्याण्णव. सही केली. कागद फिरवून त्याच्यापुढं सरकवला.

“चष्मा तेलानं बरबटलाय,” तो म्हणाला. “तुम्हीच वाचा.”

तिनं कागदात मान घालून वाचलं. तो पुढं वाकला, डोळे बारीक केले, मान हलवली. “नाही येत ऐकू. डावा कान गेलाय माझा, शिट्टीच्या बाजूचा. तुम्ही इकडून या, उजवीकडून.”

ती उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिली. तिथं ती क्षणभर थांबली, कारण या जागी कोण उभं असायचं ते त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांपैकी एकालाच कळत होतं. तिनं कागद उजेडाला धरला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. रिवेट, सहापैकी सहा. टाकी, सहापैकी सहा. तो एकेका आकड्याला मान डोलवत होता, पोथी ऐकावी तसा. शिट्टी आली. “फक्त फायरमनच्या बाजूस,” तिनं वाचलं, “बरोबर आहे,” आणि त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, ते त्यानं तेलकट बोटांनी पुसलं आणि गालावर काळं उमटलं. तिला ते काळंही सोसलं नाही. एकूण त्र्याण्णव. संपलं होतं. तो कागद घ्यायला हात पुढं करणार, तेवढ्यात तिनं कागद मागं घेतला.

सहीच्या खाली परीक्षकाचं पूर्ण नाव असतं. ती लग्न करून कुठं गेली नव्हती. नावात काही बदललं नव्हतं. तिनं त्याच्या चांगल्या कानाशी वाकून तेही वाचलं, आधी स्वतःचं, मग मधलं, बापाचं. मधल्या नावाला तिनं आवाज जरा मोठाच केला, नीट ऐकू जावं म्हणून.